आवाज गाडगेबाबांचा, हात कोणाचे?

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर झालेल्या गाडगेबाबांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आज सर्वत्र ऐकावयास मिळते. त्यानंतर दीड महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगाव येथे बाबांचे निधन झाले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविणारे हे बाबा. त्यांचा आवाज आपल्यापाशी राहिला.

इतिहासाच्या तासाला हे मुद्रण लावून मी विद्यार्थ्यांना डोळे मिटावयास सांगतो. ऐकता ऐकता बाबांचे हात कसे हलले असतील, ते आपापल्या हातांनी दाखवा, असे म्हणतो. आवाज एकच, परंतु बाकागणिक हात निराळे!

हेच काम आता संगणक करतो. बोलणाऱ्या माणसांच्या चलचित्रांतून खांदा, कोपर, मनगट यांच्या जागा क्षणाक्षणाला टिपल्या जातात. त्याच क्षणीच्या आवाजाची पट्टी, जोर आणि लय यांचीही अंकांत नोंद होते. अशा असंख्य जोड्यांवरून संगणक शिकतो आणि नवा आवाज ऐकविला की हालचाल रचून देतो. संगीतावरून नृत्य रचण्याची रीतही जवळपास अशीच. पूर्वीच्या पद्धतींत सर्व शक्यतांची सरासरी निघे, त्यामुळे हात दबकत हलत. नव्या पद्धती अनेक शक्यतांतून एक निवडतात, म्हणून चित्र जिवंत भासते. फसगत होते ती येथेच.

संगणक शिकला कोणाकडून, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. २०१९ मध्ये बर्कली येथील संशोधकांनी अशा कामासाठी १० वक्त्यांची १४४ तासांची चलचित्रे जमविली. त्यांत दूरचित्रवाणीचे सूत्रधार होते, प्राध्यापक होते, धर्मप्रचारकही होते. २०२१ मधील नृत्याचा एक प्रसिद्ध संग्रह जपानी नर्तकांच्या चित्रणावर उभा आहे. त्यात १० शैली आहेत. आपले लेझीम नाही, दंडारही नाही.

बाबांचे कीर्तन तर प्रश्नोत्तरांचे. ते विचारीत आणि श्रोते एकमुखाने उत्तर देत. श्रोते बोलत असताना बाबा गप्प असत. त्या क्षणी त्यांचा हात वर होता, काठीवर होता की कानाशी? आवाजात याचे उत्तर नाही. संगणक मात्र काहीतरी दाखवीलच.

अर्थात हे दोष केवळ यंत्राचे नव्हेत. १९७७ च्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात डॉ. श्रीराम लागूंनी बाबा साकारले. माझ्या पिढीतील कित्येकांच्या मनात बाबा म्हणून लागूंचेच हात आहेत, आणि त्यांत मीही आलो. परंतु तो अभिनय आहे हे श्रेयनामावली सांगते. उद्या बाबांच्या वा बाबासाहेबांच्या मूळ आवाजाला रचलेला देह जोडून कोणी मोबाइलवर पाठविला, तर त्यावर ‘रचित’ अशी ठळक नोंद आपण मागितली पाहिजे. ती नसेल, तर पुढे पाठवू नये.

वलगाव, शेंडगाव, मूर्तिजापूर, दापुरे या भागांत बालपणी बाबांचे कीर्तन पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. माजी विद्यार्थ्यांनी या सुटीत त्यांना भेटावे. बाबा काय म्हणाले, हे ध्वनिमुद्रणात आहेच. कसे उभे राहत, झाडू कोणत्या हाती धरीत, हे करून दाखविण्याची विनंती करावी. संमती घेऊन चित्रण करावे आणि सोबत गाव व अंदाजे वर्ष लिहावे. दोन आज्या दोन वेगळे हात दाखवतील. दोन्ही जपून ठेवावेत.