फोटो कुणाचा, पेशंट कुणाचा

गूगलवर रोगाचं नाव टाकायचं आणि पहिला येईल तो फोटो पीपीटीत चिकटवायचा, ही सवय आत्ताच मोड, बाई. नर्सिंगच्या शाळेत ट्यूटर म्हणून तुझं पहिलंच वर्ष आहे; एकदा हात तसा वळला की मग वळतच राहतो. तो फोटो कुणी काढला, खरंच त्या रोगाचा आहे का, की एआयनं रंगवलाय, काही कळायला मार्ग नसतो. आणि तुझ्या पोरी मात्र ताई दाखवतात म्हणजे बरोबरच, असं धरून चालतात.

त्यापेक्षा डॉक्टरांनी तपासून ठेवलेले फोटोंचे साठे आहेत, तिथं शोध. अमेरिकेच्या सीडीसीची ‘पब्लिक हेल्थ इमेज लायब्ररी’ आधी उघड. जंतू, डास, लसीकरण, साथीचे रोग, सगळं तिथं आहे. प्रत्येक फोटोसोबत माहिती असते, नंबर असतो आणि कॉपीराइटची एक ओळ असते. बरेच फोटो कुणीही वापरावेत असे आहेत, पण सगळे नाहीत. ती ओळ वाचल्याशिवाय डाउनलोडचं बटण दाबू नकोस, आणि फोटोचा नंबर पीपीटीच्या कोपऱ्यात लिहून ठेव. कातडीच्या रोगांसाठी न्यूझीलंडची ‘डर्मनेट’ चांगली. तिच्या फोटोंवरचा शिक्का कापायचा नाही, एवढं पथ्य. एक्स-रेसाठी ऑस्ट्रेलियातून २००५ मध्ये सुरू झालेली ‘रेडिओपीडिया’ आहे.

शोधताना एकाच नावावर अडून बसू नको. कुष्ठरोग ‘लेप्रसी’नेही टाक आणि ‘हॅन्सेन्स डिसीज’नेही. ॲनिमिया, इडिमा यांचं ब्रिटिश स्पेलिंग वेगळं, अमेरिकन वेगळं. एकानं नाही मिळालं तर दुसरं टाकून बघ. रक्ताची स्लाइड हवी असेल तर स्टेनचं नावही जोड, नुसतं ‘ब्लड’ टाकलंस तर रक्तदान शिबिरंही दिसतील.

आता आपल्या भागाचं सांगते, कारण खरी गोम तिथं आहे. सिकलसेल विदर्भात शिकवायचाच, त्यात पर्याय नाही. पण शोधलंस की आधी ते देखणे फोटो येतात: लालभडक, फुगीर, कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी. ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे. मुळात ते काळे-पांढरे असतात, रंग मागाहून भरलेला. तुझ्या पोरी लॅबमध्ये बघणार ती साध्या मायक्रोस्कोपखालची चपटी, फिकट गुलाबी स्लाइड. म्हणून ‘पेरिफेरल स्मिअर’ असं टाकून शोध, आणि देखणा फोटो दाखवलाच तर त्याशेजारी हा ठेव. आणखी एक सांगायचंच: जो नुसता वाहक आहे त्याच्या साध्या स्मिअरमध्ये बहुतेक वेळा वाकलेली पेशी दिसतच नाही. त्यासाठी सोल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिस. हे नाही सांगितलंस तर पोरी ‘स्मिअर नॉर्मल, म्हणजे काही नाही’ म्हणून मोकळ्या होतील.

कातडीच्या रंगाचंही तसंच. पुस्तकांतले, साइटवरचे कितीतरी फोटो गोऱ्या कातडीचे. लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये शिकणाऱ्या मॅलोन मुक्वेंडे या विद्यार्थ्याला हेच खटकलं. त्यानं २०२० मध्ये आपल्या शिक्षकांबरोबर ‘माइंड द गॅप’ नावाची पुस्तिका काढली, काळ्या-सावळ्या कातडीवर लक्षणं कशी दिसतात यावर. ती नेटवर आहे, नक्की बघ. कुष्ठरोगाचा चट्टा गोऱ्या अंगावर लालसर दिसतो, आपल्याकडे बहुधा फिकट. आणि त्या चट्ट्याला संवेदना नाही, हे तर कुठलाच फोटो दाखवू शकत नाही. ते कापसाच्या बोळ्यानं आणि बॉलपेनच्या टोकानं करूनच दाखवावं लागतं. ज्या वर्धा जिल्ह्यात मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली, त्या जिल्ह्यातल्या नर्सला हे पाठ हवं.

फवारणीच्या दिवसांचं सांगायचं राहिलं. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, पण फोटोतले डोळे निळे असतील तर ती लगेच ओळखू येते. आपल्या शेतकऱ्याचे डोळे काळेभोर. त्यात ती टॉर्चशिवाय सापडत नाही. पोरींना काळ्या डोळ्याचा फोटो शोधून दाखव, नाही मिळाला तर टॉर्च घेऊन एकमेकींच्या बाहुल्या बघायला लाव. रक्तक्षयाचा फिकटपणा मात्र प्रोजेक्टरवर शिकवूच नकोस. उजेड असलेल्या वर्गात प्रोजेक्टरवर सगळेच फिकट. उपजिल्हा रुग्णालयात परवानगी घे, खालची पापणी, जीभ, तळहात प्रत्यक्ष बघू दे.

फाईल हाय रिझोल्यूशनची उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेव. नेट आणि वीज तुझ्या तासाला थांबून राहणार नाहीत.

आता राहिला मोबाईल. वॉर्डात छान केस दिसली की पटकन फोटो काढायचा मोह होतोच. पेशंटच्या लेखी संमतीशिवाय नाही, म्हणजे नाही. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं, असं समजू नको. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या हातावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं असतं. फोटो व्हॉट्सॲपवर गेला तर हिंगणघाटात संध्याकाळपर्यंत ओळख पटते. गोंदण, दागिने, मागच्या पलंगावरचा केसपेपर, सगळं फ्रेमच्या बाहेर हवं.

पण नीट संमती घेऊन काढलेले आपल्या लोकांचे फोटो कुणीतरी जमवायला हवेतच. सावळ्या हातावरचा चट्टा, काळ्या डोळ्यातली बाहुली आपल्याच दवाखान्यांत दिसते. सेवाग्रामचं कॉलेज १९६९ पासून शिकवतंय, तिथल्या पॅथॉलॉजी आणि स्किनच्या लोकांकडे प्राचार्यांच्या पत्रानं विचारणा कर, शिकवण्यापुरते काही देतील का. आणि तुमच्या पुढच्या मीटिंगमध्ये संमतीचा फॉर्म मराठीतून करून घ्यायचा विषय तूच काढ, दुसऱ्या कुणाची वाट बघू नकोस.