बारीक नजरेच्या मुलांसाठी: हवेतली धूळ मोजणारं करिअर

बीएस्सी झाली की घरोघरी तोच प्रश्न: एमएस्सी, एमबीए की स्पर्धा परीक्षा? या यादीत सहसा नसलेलं एक क्षेत्र म्हणजे इंडस्ट्रियल हायजिन. कामगाराच्या श्वासातून आत काय जातं ते मोजायचं आणि ते कमी कसं होईल ते सांगायचं.

बेकरीचंच घ्या. ‘मैदाच तर आहे’ असं आपण म्हणतो. पण वर्षानुवर्षं पिठाची धूळ नाकातोंडात गेली की काहींना दमा जडतो. त्याला ‘बेकर्स अस्थमा’ असंच नाव आहे.

मोजणी अशी होते: कामगाराच्या कमरेला छोटा पंप, कॉलरजवळ फिल्टर. मिनिटाला २ लिटर या वेगाने ८ तासांच्या पाळीत ९६० लिटर हवा त्यातून जाते. फिल्टरचं वजन आधी आणि नंतर सूक्ष्म तराजूवर घेतात. ते ०.४८ मिलिग्रॅमने वाढलं, तर धूळ घनमीटरमागे ०.५ मिलिग्रॅम. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेने पिठासाठी सुचवलेली मर्यादा नेमकी एवढीच आहे. पण पंपाचा वेग आधी-नंतर तपासला नसेल, तर हा आकडा कवडीमोल.

खरं कसब पुढेच. धूळ उडते कधी? पोतं मिक्सरमध्ये रिकामं करताना, की कोरड्या झाडूने झाडताना? पोतं हलक्या हाताने ओता, झाडूऐवजी व्हॅक्यूम वापरा, हे सांगणारा माणूस हवा असतो.

शिक्षण: रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा केमिकल इंजिनीअरिंगचा पाया उपयोगी. मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका मिळते; एमबीबीएस झालेल्यांसाठी औद्योगिक आरोग्याचा वेगळा अभ्यासक्रम आहे. नोकरी शोधताना ‘ईएचएस’ (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) आणि ‘सेफ्टी ऑफिसर’ हे शब्दही टाकून पाहा.

पालक विचारतात, ‘मुलीला झेपेल का? तिच्याच छातीला त्रास झाला तर?’ मुली हे काम उत्तम करतात. धुळीत त्यांचा वावर कामगारांपेक्षा कमी असतो आणि तिथे नीट बसणारा मास्क लावायचाच असतो. कस लागतो तो वेगळ्याच ठिकाणी: व्यवस्थापनाला न आवडणारा आकडाही जसाच्या तसा लिहावा लागतो.

फी भरण्याआधी संस्थेला एवढंच विचारा: विद्यार्थ्यांना कारखान्यात नेऊन पंप हाताळायला देता का? उत्तर गोलमोल आलं, तर दुसरी संस्था बघा.