गाठ हाडाची, खापर माझ्यावर

मुलीच्या गुडघ्याजवळ टणक गाठ हाताला लागली, तेव्हा सासरी एकच सूर निघाला, 'आमच्यात असलं काही नाही.' मी गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली, कॅल्शियमच्या गोळ्या चुकवल्या... सगळं माझ्याच नावावर. घरच्या डॉक्टरांनी 'मार लागला असेल' म्हणून मलम दिलं. पुढे मनगटाजवळ आणि खांद्याच्या फऱ्यावर गाठी आल्या, तरी मलमच!

शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि मुलीला सोडून नवऱ्यालाच दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगितले. डावा हात कोपराखाली आखूड, जरा बाकदार. मग पँट वर करायला लावली. गुडघ्याखाली तसाच उंचवटा! 'लहानपणी चिंचेवरून पडलो होतो,' हे म्हणाले. शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी हळूच लेंगा घोट्यापर्यंत ओढला.

जनुक चाचणीत बापलेकीत एकच दोष निघाला. ईएक्सटी१ किंवा ईएक्सटी२ जनुक बिघडलं की हेपॅरन सल्फेट कमी बनतं. मग हाडाच्या टोकाशी वाढणाऱ्या कूर्चेच्या पेशींना दिशेचे निरोप नीट मिळत नाहीत आणि कूर्चेची टोपी घातलेलं हाड बाजूला फुटतं. आई किंवा वडील, कुणा एकाकडे दोष असला तरी प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. कधी घरात कुणालाच नसताना नव्यानेही होतो. ग्रहणाचा संबंध शून्य. माझी माफी मात्र अजून कुणी मागितलेली नाही.

एकच गाठ असेल तर ती सहसा आनुवंशिक नसते. अनेक असतील तर घरातल्या सगळ्यांची हाडं चाचपून घ्या. घास घेताना मुलाचा तळवा पूर्ण वर वळतो का, ते बघत राहा. हात वाकडा व्हायला लागला तर थांबू नका. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला गाठ असून पाऊल उचलता येईना, तर नस दाबली गेली असेल. मालीश बंद. प्रत्येक गाठ कापावीच लागते असं नाही. उंची वाढायची थांबली की गाठीही थांबतात. त्यानंतर एखादी वाढली किंवा दुखू लागली, तर एमआरआय कराच. मोठ्या माणसात कूर्चेची टोपी २ सेंटीमीटरहून जाड निघाली, तर कर्करोगाची शंका घेतात. धीर सोडू नका, वगैरे.

आणि दवाखान्यात मुलाला एकट्याने नेऊ नका. नवऱ्याला न्या, सासऱ्यांनाही न्या. अर्ध्या चड्डीत.