खांबाला हात लावण्यापूर्वी

मुलांनो, तुमच्या घरी कधी दुरुस्ती निघाली आहे का? मुंबईत रंग लावणे, फरशी बदलणे अशा किरकोळ कामांना महापालिकेची परवानगी लागत नाही. खांब तोडायचा तर लागते. शिवाय तीस वर्षांहून जुन्या इमारतीची इंजिनियरकडून तपासणी करून घ्यावी लागते. फी रहिवाशांनीच भरायची! "हे नियम इंजिनियर-ठेकेदारांच्या पोटासाठी आहेत," असे माझे अब्बा म्हणत. मलाही ते थोडे पटे.

25 जुलै 2017 रोजी घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळली. 17 माणसे दगावली. तळमजल्यावर दुरुस्ती चालू होती आणि तिच्यात खांबांना धक्का लावला, असा आरोप झाला. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी काय तोडले होते?

अब्बा आता "तपासणी कशाला?" असे विचारत नाहीत. फीची घासाघीस मात्र अजून करतात.