हार्डांगरव्हिडावर निघण्याआधी

ईस्टर आला की अर्धी ऑस्लो डोंगराकडे निघते. स्की गाडीच्या टपावर, पिशवीत संत्री आणि ‘क्विक लुन्श’ चॉकलेट. दिवस लांबलेला, ऊन लख्ख, बर्फ अजून मुबलक. पाठीवर सामान घेऊन क्रॉस-कंट्री स्कीवरून एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी जायला याहून चांगला हंगाम नाही. गाफील राहायलाही नाही. त्या चॉकलेटच्या वेष्टनावर आतून डोंगरात वागायचे नऊ नियम छापलेले असतात, ते उगाच नव्हे. १९६७ साली ईस्टरचा रविवार २६ मार्चला आला होता. त्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत १८ माणसं मृत्युमुखी पडली आणि त्यानंतर पर्यटन संघटना ‘डीएनटी’ व रेड क्रॉस यांनी हे नियम घरोघरी पोचवले.

याच डोंगरांतल्या हार्डांगरव्हिडा पठाराची उंची ऐकून आपल्याकडचा माणूस फसेल. बहुतेक पठार अकराशे ते बाराशे मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही खाली. पण ६० अंश उत्तर अक्षांशावर एवढ्या उंचीला झाड उगवत नाही आणि वारा अडवायला मैलोन्‌मैल काहीच नसतं.

या पठाराने रोआल्ड अमुंडसेनलाही सोडलं नाही. १८९६ च्या जानेवारीत, तेविसाव्या वर्षी, तो भाऊ लिऑनबरोबर ते ओलांडायला निघाला. दोन दिवसांचं काम, असा हिशोब. म्हणून तंबू घेतला नाही आणि शिधाही बेताचा. हिमवादळात वाट चुकली. रात्री पायाशी ठेवलेल्या शिध्याच्या पिशव्या सकाळी बर्फात सापडेनात. पुढे एका रात्री रोआल्ड वाऱ्यापासून वाचायला बर्फात बीळ करून झोपला. ओला बर्फ त्याच्याभोवती गोठला आणि त्याला हातही हलवता येईना. लिऑनने उकरून बाहेर काढलं म्हणून पंधरा वर्षांनी दक्षिण ध्रुवावर पोचायला तो उरला. ही हकिगत त्याने स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे. त्यात वादळापेक्षा तो दोन दिवसांचा हिशोब जास्त बोचतो, कारण आजही बेत तसेच आखले जातात: सगळं सुरळीत झालं तर किती वेळ लागेल, एवढंच धरून.

वसंतात हा हिशोब दुपारपर्यंत बदलतो. रात्री गोठलेला थर सकाळी स्कीला छान धरतो, पण त्यावर साधं मेण टिकत नाही. चिकट ‘क्लिस्टर’ लावावं लागतं. दुपारी तोच बर्फ भिजून जड होतो आणि वेग पार मंदावतो. तीस अंशांहून तीव्र उतारावर तो घसरूनही येतो, तेव्हा अशा उताराखालून जायचंच असेल तर सकाळीच जावं. हिमस्खलनाचा एक ते पाच पायऱ्यांचा रोजचा इशारा ‘वार्सोम’ या संकेतस्थळावर मिळतो. गोठलेला तलाव दिसला की सरळ वाट काढायचा मोह होतो, पण वीजनिर्मितीच्या तलावांत पाण्याची पातळी बदलत राहते आणि काठाचा बर्फ आतून पोकळ झालेला असतो. जिथून पाणी आत येतं किंवा बाहेर पडतं, तिथेही पाऊल नको. काळा चष्मा विसरलेल्याला तर शिक्षा संध्याकाळी कळते: डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जळजळ.

आणि वारा. उणे दहा अंशांत सेकंदाला १५ मीटर वारा सुटला की उघड्या कातडीला थंडी उणे बावीसची लागते. म्हणून वारा अंगावर यायच्या आत जॅकेट चढवावं, थंडी वाजल्यावर नव्हे. दोघांना आत बसता येईल अशी वाऱ्यापासून आडोसा देणारी पिशवी, फावडं, नकाशा आणि होकायंत्र ही सामग्री छोट्या फेरीलाही बरोबर हवी. फोनची बॅटरी थंडीत लवकर मान टाकते.

नऊ नियमांतला आठवा सांगतो, माघारी फिरण्यात लाज नाही. सगळ्यांत कठीण तोच. पुढच्या मुक्कामाच्या घरात गरम जेवण आहे, बिछाना सांगून ठेवला आहे, सोबतचा कोणी काही बोलत नाही; मग पाय पुढेच पडतात. यावर एकच उपाय कामाचा वाटतो: निघतानाच घड्याळातली वेळ आणि नकाशावरची जागा ठरवायची. तोवर तिथे पोचलो नाही तर चर्चा न करता मागे. बिछान्याची काळजी तर नकोच. माणसं देखरेखीला असलेल्या डीएनटीच्या घरांत ईस्टरच्या गर्दीतही कोणाला परत पाठवत नाहीत, जमिनीवर गादी टाकून देतात.

हिवाळी वाटांवर ठरावीक अंतराने काटक्या रोवलेल्या असतात आणि धुक्यात माणूस त्यांच्याच आधाराने पुढे सरकतो. पण हंगाम संपला की त्या काढून घेतात. मे महिन्यात रानटी रेनडिअरची वीण असल्याने पठारावरची बरीच घरंही बंद असतात. ईस्टरनंतर उशिरा जाणाऱ्याने घरांची चावी मिळेल का आणि काटक्या उभ्या आहेत का, हे आधी विचारून घ्यावं.