वाक्यदुरुस्तीचा सराव : चुकीचा उगम आणि उपाय

प्रवेश परीक्षांच्या इंग्रजी विभागातील वाक्यदुरुस्ती हा प्रश्नप्रकार वरकरणी सोपा वाटतो. एक वाक्य दिलेले असते, त्याचा काही भाग अधोरेखित केलेला असतो आणि त्या भागासाठी चार किंवा पाच पर्याय पुढे ठेवलेले असतात. उताऱ्यावरील प्रश्नांप्रमाणे येथे दीर्घ वाचन नाही, गणिताप्रमाणे आकडेमोड नाही. तथापि मराठी माध्यमातून पदवीपर्यंत आलेल्या विद्यार्थ्याचे गुण पुष्कळदा याच ठिकाणी जातात आणि तेही शंभर-दीडशे नियम पाठ केल्यानंतर! याचे कारण असे की, चुकीचा उगम बहुतांशी नियमांच्या अज्ञानात नसून मातृभाषेच्या वाक्यरचनेत असतो. मराठीत जे शुद्ध आहे, ते शब्दशः इंग्रजीत नेले की अशुद्ध होते आणि कानाला मात्र ते शुद्धच वाटत राहते. म्हणून या प्रश्नप्रकाराची तयारी स्वतःच्या मराठी वाक्याकडे पाहून सुरू करणे अधिक फलदायी ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कोणत्या परीक्षेसाठी?

तयारीस लागण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. परदेशातील व्यवस्थापन अभ्यासक्रमांसाठी घेतल्या जाणाऱ्या जीमॅट परीक्षेमुळे वाक्यदुरुस्तीला विशेष प्रसिद्धी मिळाली. पाच पर्याय आणि त्यांतील पहिला पर्याय म्हणजे मूळ वाक्य जसेच्या तसे, ही तिची पद्धत होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये या परीक्षेचे नवे स्वरूप आले आणि त्यातून वाक्यदुरुस्ती वगळण्यात आली. जुन्या स्वरूपाची परीक्षा जानेवारी २०२४ अखेर बंद झाली. त्यामुळे केवळ जीमॅट देणाऱ्याने जुन्या पुस्तकांतील हा भाग सोडवण्यात महिना घालवू नये. कॅटच्या भाषा विभागातही अलीकडील वर्षांत भर आहे तो उतारे, परिच्छेदाचा सारांश आणि वाक्यांचा क्रम यांवर. याउलट अमेरिकेतील पदवी प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेत वाचन-लेखन विभागातील ५४ प्रश्नांपैकी ११ ते १५ प्रश्न इंग्रजी लेखनसंकेतांवर असतात. आपल्याकडे सीमॅट आणि महाराष्ट्राची व्यवस्थापन सामायिक प्रवेश परीक्षा यांच्या तयारीतही वाक्यातील चूक ओळखण्याचा सराव लागतोच. जीमॅटचे जुने प्रश्नसंच या परीक्षांच्या विद्यार्थ्यांना आजही उपयोगी आहेत, कारण त्यांतील चुका बेतीव असल्या तरी त्यांमागील विचार नेमका आहे.

कर्ता आणि क्रियापद

मराठी वाक्यात विशेषणे आणि षष्ठीची सारी मालिका आधी येते, मुख्य नाम शेवटी येते आणि त्याला लागून क्रियापद. 'शहरातील बाजारांत विकल्या जाणाऱ्या भाज्यांची आणि कडधान्यांची किंमत वाढली आहे' हे वाक्य पाहावे. 'किंमत' आणि 'वाढली' शेजारी आहेत. येथे 'वाढल्या' म्हणण्याची चूक शाळकरी मुलगाही करणार नाही. इंग्रजीत क्रम उलटतो. मुख्य नाम आरंभी येते, पुढे त्याचा विस्तार होतो आणि क्रियापद दूर जाते : 'द प्राइस ऑफ व्हेजिटेबल्स अँड पल्सेस सोल्ड इन द सिटी मार्केट्स हॅव रिझन'. क्रियापदापाशी पोहोचेपर्यंत कानात 'मार्केट्स' घुमत असते आणि म्हणून 'हॅव' खटकत नाही. परीक्षक नेमके हेच अंतर वाढवीत नेतो. उपाय असा की, वाक्य मनातल्या मनात मराठीत मांडावे. 'किंमत वाढली आहे' असे दिसताच 'हॅज' ठरते.

हीच युक्ती आणखी एका नेहमीच्या प्रश्नाला लागू पडते. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे 'विद्यार्थ्यांची संख्या', म्हणून क्रियापद एकवचनी. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे 'कित्येक विद्यार्थी', म्हणून अनेकवचनी. नियम पाठ करण्याऐवजी अर्थ मराठीत उतरवला की उत्तर आपोआप मिळते. 'अलाँग विथ'चेही तसेच. 'आईबरोबर मुलगा आला' या वाक्यात माणसे दोन असली तरी क्रियापद 'मुलगा' या कर्त्याप्रमाणे एकवचनीच राहते. इंग्रजीतही जोडीला कोण आहे याला महत्त्व नाही.

परंतु मराठी सर्वत्र साहाय्य करीत नाही. कर्मणी प्रयोगात आपले क्रियापद कर्माप्रमाणे बदलते : 'मुलीने आंबा खाल्ला', 'मुलीने पोळी खाल्ली', 'मुलीने आंबे खाल्ले'. क्रियापदाचे रूप कर्त्याखेरीज अन्य नामाकडूनही ठरू शकते, ही सवय आपल्या अंगवळणी पडलेली असते. इंग्रजी क्रियापदाला कर्माशी कर्तव्य नाही. वचनाच्या बाबतीतही सावध राहावे. आपल्याकडे 'बातम्या आल्या' आणि 'सल्ले दिले' म्हणतात, इंग्रजीत मात्र 'न्यूज' एकवचनी आहे आणि 'ॲडव्हाइस'ला अनेकवचन नाही.

तुलना कोणाची कोणाशी?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी, तर गोव्याची सुमारे १४.६ लाख होती. यावर मराठीत सहज वाक्य येते, 'महाराष्ट्राची लोकसंख्या गोव्यापेक्षा कितीतरी अधिक होती'. काटेकोर लिहिणारा 'गोव्याच्या लोकसंख्येपेक्षा' म्हणेल, पण पहिले वाक्यही मराठी चालवून घेते. इंग्रजी परीक्षा ते चालवून घेत नाही. 'द पॉप्युलेशन ऑफ महाराष्ट्र वॉज लार्जर दॅन गोवा' या वाक्यात लोकसंख्येची तुलना भूभागाशी झाली. शुद्ध रूप 'दॅन दॅट ऑफ गोवा'. पर्यायांत 'दॅन दोज ऑफ गोवा' हाही ठेवलेला असतो. त्यात तुलना सुधारली, पण वचन बिघडले, कारण 'पॉप्युलेशन' एकवचनी आहे. 'दॅन गोवाज' हा पर्याय असला तर तोही शुद्धच, आणि लघुरूप दिसते म्हणून अनेकजण तो विनाकारण नाकारतात.

अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना ही चूक वर्षानुवर्षे दिसत आली आहे, आणि ती निव्वळ भाषेची नाही. कशाची तुलना कशाशी चालली आहे, हे लिहिणाऱ्यालाच स्पष्ट नसते. जाता जाता याच जातीची दुसरी गल्लत सांगावीशी वाटते. देशातील साक्षरता २००१ मध्ये ६४.८ टक्के होती, ती २०११ मध्ये ७३ टक्के झाली. ही वाढ ८.२ टक्क्यांची नव्हे, तर ८.२ टक्केबिंदूंची आहे. टक्क्यांत मोजल्यास ती सुमारे १२.६ टक्के भरते. वाक्यदुरुस्तीत हा भेद क्वचितच विचारला जातो, सांख्यिकी माहितीच्या प्रश्नांत मात्र तो गुण घेऊन जातो.

'मला वाटले' आणि अधांतरी विशेषण

'अहवाल वाचून मला आश्चर्य वाटले' हे निर्दोष मराठी वाक्य आहे. वाचणारा 'मी', पण तो चतुर्थीत 'मला' म्हणून उभा आहे आणि 'वाटले' हे क्रियापद 'आश्चर्य' या नामाशी जुळते आहे. अनुभवणारी व्यक्ती अशा रीतीने बाजूला ठेवण्याची रचना हिंदीत आणि बहुतेक भारतीय भाषांत आढळते. त्यामुळे 'रीडिंग द रिपोर्ट, सरप्राइझ वॉज फेल्ट बाय मी' हे वाक्य आपल्याकडील विद्यार्थ्याला, तो मराठी असो वा तमिळ, विशेष खुपत नाही. इंग्रजीचा दंडक असा की, आरंभीच्या 'रीडिंग'ची क्रिया जो करतो तोच स्वल्पविरामानंतर कर्ता म्हणून यावा. येथे आश्चर्यच अहवाल वाचते आहे! 'रीडिंग द रिपोर्ट, आय वॉज सरप्राइझ्ड' हे शुद्ध. वाक्याच्या आरंभी अशी क्रियादर्शक शब्दरचना आणि पुढे स्वल्पविराम दिसला की थांबावे, स्वल्पविरामानंतरच्या पहिल्या नामावर बोट ठेवावे आणि 'हे कृत्य याचेच का?' असे विचारावे. या एका प्रश्नाने दोन-तीन पर्याय बहुधा गळून पडतात.

जोडीने येणारे शब्द

मराठी वाक्यांना जोडीची हौस आहे. 'जरी' आले की 'तरी' येते, 'ज्या'ला 'त्या' हवे असते, 'कारण' सांगून झाल्यावर 'म्हणून' येते. यातूनच 'ऑलदो द रेन्स वेअर गुड, बट द क्रॉप फेल्ड' असे वाक्य जन्मते. 'ऑलदो' असताना 'बट' नको, दोहोंपैकी एकच ठेवावा. तसेच 'ज्या शेतकऱ्यांनी कर्ज घेतले, त्यांनी ते फेडले' या वाक्यातील 'त्यांनी' अपरिहार्य आहे, पण 'द फार्मर्स हू टुक लोन्स, दे रिपेड देम' मधील 'दे' अनावश्यक आहे. काळाच्या बाबतीत 'मी येथे पाच वर्षांपासून राहत आहे' याचे 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' असे भाषांतर होते. आपला वर्तमानकाळ भूतकाळातून आजवर चालत आलेली क्रिया सामावून घेतो, इंग्रजीचा घेत नाही. तेथे 'हॅव बीन लिव्हिंग' लागते आणि कालावधीसाठी 'फॉर'. 'सिन्स' आरंभबिंदूसाठी, जसे '२०१९ पासून'. आर्टिकल्सविषयी मात्र सांगण्यासारखे थोडेच आहे. मराठीत ती नाहीत, म्हणून ती वाचनानेच अंगवळणी पडतात. त्यांच्या नियमांची कोष्टके पाठ करण्यात वेळ घालवू नये.

सरावाची पद्धत

बाजारात हजार-दोन हजार प्रश्नांचे संच मिळतात. परंतु घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम येथेही लागू आहे. एकाच प्रकारचा पन्नासावा प्रश्न पाचव्याइतके शिकवीत नाही. रोज पंधरा प्रश्न सोडवावेत आणि त्यांच्या तपासणीला सोडवण्याहून अधिक वेळ द्यावा. वहीत चुकलेले वाक्य, शुद्ध वाक्य आणि आपल्या मनात आलेले मराठी वाक्य अशा तीन नोंदी कराव्यात. तिसरी नोंद सर्वांत मोलाची, कारण चूक कोठून आली हे तीच दाखवते. समजा, दोनशे प्रश्नांत साठ चुकले आणि त्यांपैकी पंचवीस तुलनेचे निघाले, तर पुढील आठवडा कशाला द्यावयाचा हे निराळे सांगावे लागत नाही.

प्रश्न सोडवताना पर्याय पूर्ण वाचण्यापूर्वी ते परस्परांहून कोठे भिन्न आहेत, ते पाहावे. दोहोंत 'हॅज' आणि दोहोंत 'हॅव' असेल तर प्रश्न वचनाचा आहे. मग कर्ता शोधावा, दोन पर्याय खोडावेत आणि उरलेल्या दोहोंतील दुसरा फरक तपासावा. कानाला बरे वाटते म्हणून पर्याय निवडण्याची सवय मात्र मोडली पाहिजे, कारण आपला कान मराठीने घडवलेला आहे.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माध्यमातील अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. आज ती पद्धत जुनाट ठरवली जाते, परंतु या प्रश्नप्रकारासाठी तिच्याइतकी उपयुक्त पद्धत क्वचितच सापडेल. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत प्रसिद्ध होते. त्यातील एक परिच्छेद मराठीत वाचावा, स्वतः इंग्रजीत लिहावा आणि मग इंग्रजी आवृत्तीशी ताडून पाहावा. रोज एक परिच्छेद पुरेसा आहे. त्यातून अर्थशास्त्राची उजळणी होते, हा लाभ वेगळाच.

वजा गुणांचा हिशेब

सीमॅटमध्ये योग्य उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा होतो. पर्याय चार. डोळे मिटून उत्तर दिल्यास सरासरी पाव गुण पदरात पडतो. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर अपेक्षित लाभ सुमारे ०.६७ गुण होतो आणि दोन खोडता आले तर दीड गुण. म्हणजे वाक्यातील सर्व बारकावे उमगले नसतानाही केवळ वचनाच्या कसोटीवर दोन पर्याय बाद करणारा विद्यार्थी अशा दहा प्रश्नांत सरासरीने पंधरा गुण मिळवू शकतो, तर अंदाजाने खुणा करणारा अडीच. महाराष्ट्राच्या सामायिक प्रवेश परीक्षेत वजा गुण नसल्याने तेथे प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. गुणपद्धती बदलू शकते, यास्तव त्या वर्षीची माहितीपुस्तिका अवश्य पाहावी.

वेळेचा हिशेबही असाच आहे. सीमॅटमध्ये १८० मिनिटांत १०० प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नामागे सरासरी एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. वाक्यदुरुस्तीचा प्रश्न पाऊण मिनिटात सुटला तर उरलेले मिनिटभर गणिताच्या किंवा तर्काच्या प्रश्नासाठी मोकळे होते. तेव्हा घरी घड्याळ लावून सराव करावा, पण पहिले तीन आठवडे नव्हे. त्या काळात एका वाक्यावर पाच मिनिटे गेली तरी जाऊ द्यावीत.