पंचशील ध्वजाचे रंग

कणकवलीत आपण ज्याला ‘पंचशील ध्वज’ म्हणतो, त्याच्या नावामुळे विद्यार्थी एकेक रंग एकेका शीलाशी जुळवतात. तसा अर्थ त्यात नाही. १८८५च्या वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेत तो प्रथम फडकला, तो तथागतांच्या देहप्रभेचे रंग घेऊन. निळा म्हणजे मैत्री-करुणा, पिवळा मध्यम मार्ग, लाल धम्माचरणाचे मंगल फळ, पांढरा धम्माची शुद्धता, केशरी प्रज्ञा. टोकाचा सहावा पट्टा मुलांना उरल्यासुरल्या कापडाचा वाटतो! तो पाचही रंगांचा मेळ, म्हणजे प्रभास्वर प्रभा. राजेरजवाड्यांची निशाणे घराणे सांगत. या ध्वजावर कुळाची, जातीची, देशाची कसलीच खूण नाही. ध्वज बांधताना निळा पट्टा काठीकडे घ्यावा.